हँडीकॅमच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेताना आवाज बिघडतो तेव्हा

ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडीकडे सध्या जिकडे बघावं तिकडे रीडेव्हलपमेंट चालू आहे आणि घर रिकामं करताना माळ्यावरून हमखास निघणारी वस्तू म्हणजे हँडीकॅमची बॅग. आत कॅमेरा, फुगलेली बॅटरी, गुंता झालेल्या वायरी आणि बॉलपेनने मुंज, बारसं, माथेरान असं लिहिलेल्या कॅसेटी. मग घरात ठरतं की हे सगळं कॉम्प्युटरवर घेऊन टाकू, ऑनलाइन एक डोंगल (हँडीकॅमची वायर यूएसबीला जोडणारं यंत्र) मागवलं जातं, चित्र दिसतं, सगळे खूश, आणि मग लक्षात येतं की आवाजच नाहीये, किंवा आहे पण सगळे कार्टूनसारखे चिरक्या आवाजात बोलतायत, किंवा भटजींचे ओठ आधी हलतात आणि मंगलाष्टक दोन सेकंदांनी ऐकू येतं.

अशा वेळी लोक काय करतात तर दुसरं कन्व्हर्टर डाउनलोड करतात, मग तिसरं, मग कुठलंतरी क्रॅक केलेलं चौथं, आणि व्हायरस घेऊन बसतात. माझं म्हणणं एवढंच की कन्व्हर्टरला शिव्या देण्याआधी आवाज नेमका कुठे मेला ते शोधा. कॅसेटमध्ये, वायरीत, कॅप्चर करताना (म्हणजे कॅसेट चालवून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करताना), कन्व्हर्ट करताना की नुसता प्लेअरमध्ये. बऱ्याचदा तो कन्व्हर्टरपर्यंत पोचायच्या आधीच गेलेला असतो, मग कन्व्हर्टर बदलून काय होणार.

आवाज कुठपर्यंत शाबूत आहे?

हँडीकॅम अॅडॅप्टरवर चालवा (फुगलेली बॅटरी लावू नका, ती ई-कचऱ्यात द्या). कॅसेट टाका आणि हँडीकॅमच्याच हेडफोनच्या भोकात इअरफोन लावून ऐका. काही छोट्या मॉडेलमध्ये एव्ही केबल आणि हेडफोनचं भोक एकच असतं आणि ते कशासाठी वापरायचं हे मेन्यूत निवडावं लागतं, ते बघून घ्या. इथे आवाज नीट असेल तर अर्धी लढाई जिंकलात, माल शाबूत आहे.

मग दोन मिनिटं कॅप्चर करा आणि ती कच्ची फाइल, म्हणजे अजून काहीही न केलेली, व्हीएलसी नावाच्या प्लेअरमध्ये वाजवा. मग तीच कन्व्हर्ट करून परत व्हीएलसीमध्ये. मग टीव्हीवर किंवा मोबाइलवर. ज्या पायरीला पहिल्यांदा आवाज बिघडलेला ऐकू आला ती पायरी दुरुस्त करायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. टेस्टसाठी कॅसेटचा असा तुकडा घ्या जिथे कोणीतरी टाळ्या वाजवतंय किंवा आरती चालू आहे, कारण हाताला हात लागला आणि टाळी ऐकू आली हे जुळतंय का ते डोळ्याला लगेच कळतं, नुसत्या बोलण्यावरून इतकं कळत नाही.

अजून एक करायचं, मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका आणि कच्ची फाइल त्यात उघडा. आवाजाचा फॉरमॅट काय, सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतलेत) किती, चॅनेल किती, आणि चित्राची लांबी आणि आवाजाची लांबी वेगवेगळी आहे का, हे सगळं समोर येतं. पुढे मी जे जे सांगतोय त्यातलं निम्मं निदान या एका खिडकीत होतं.

तुमचा हँडीकॅम कुठल्या पिढीतला

हे पटकन सांगतो. जाडी कॅसेट असेल तर व्हिडिओ-८, हाय-८ किंवा व्हीएचएस-सी, हे अॅनालॉग, यांना डोंगल लागतं. हाय-८ च्याच आकाराची पण डिजिटल-८ लिहिलेली असेल किंवा अगदी छोटी मिनी-डीव्ही असेल तर ते डिजिटल, त्याला फायरवायर (यूएसबीसारखीच पण वेगळी जोडणी) लागतं, सोनी त्यालाच आय-लिंक म्हणते. मिनी-डीव्ही हँडीकॅमला यूएसबीचं भोक असलं तरी ते बहुतेक वेळा फोटो काढून घेण्यासाठी किंवा हलक्या दर्जाच्या वेबकॅमसारखं वापरण्यासाठी असतं, त्यातून कॅसेट घेऊ नका. आणि ऑनलाइन दोनशे-तीनशे रुपयाला एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर अशी जी नुसती वायर मिळते ती चालत नाही, तिच्यात सिग्नल बदलणारं काहीच नसतं. डेस्कटॉपला फायरवायर कार्ड टाका, शक्यतो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं. मॅकवाल्यांनी लक्षात ठेवा की २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस टाहोपासून फायरवायरचा सपोर्टच काढून टाकलाय, तेव्हा जुना मॅक असेल तर अपडेट मारण्याआधी कॅसेटी उरकून घ्या.

त्यानंतरची पिढी म्हणजे छोट्या डीव्हीडीवाले, हार्ड डिस्कवाले आणि कार्डवाले, ज्यांच्या फाइली व्हीओबी, एमओडी, एमटीएस अशा असतात. यात कॅप्चर नाही, नुसती कॉपी, पण आवाजाचे घोळ वेगळे आहेत.

आवाज अजिबात येत नाही

डोंगल असेल तर पहिला संशय विंडोजवर घ्या. डोंगलमधून येणारा आवाज विंडोजला मायक्रोफोन म्हणून दिसतो. त्यामुळे प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोन बंद असेल तर चित्र छान येतं आणि आवाज शून्य. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात मायक्रोफोन, आणि खाली डेस्कटॉप अॅप्सना मायक्रोफोन वापरू द्यायचा तो स्विच, हे सगळे चालू करा. मग साउंडच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रेकॉर्डिंगच्या टॅबवर डोंगलचं नाव शोधा, प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, तिथे दोन चॅनेल ४८००० हर्ट्झ निवडता येत असेल तर निवडा.

ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये सगळ्यात खाली कस्टम ऑडिओ डिव्हाइसची टिक असते, ती मारून डोंगलचा ऑडिओ निवडा. ओबीएसमध्ये आणखी एक गंमत आहे, रेकॉर्ड होत असताना तो आवाज स्पीकरवर ऐकू येत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं आवाजच नाही. खालचा हिरवा मीटर हलतोय का बघा, हलत असेल तर रेकॉर्ड होतंय. ऐकायचंच असेल तर अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये मॉनिटर अँड आउटपुट करा. आणि तिथेच डेस्कटॉप ऑडिओ आणि लॅपटॉपचा माइक हे दोन्ही म्यूट करायला विसरू नका, नाहीतर मुंजीच्या मंत्रांमध्ये आजच्या कुकरच्या शिट्ट्या आणि व्हॉट्सअॅपची टिंगटिंग पण कायमची जाऊन बसते.

विंडोज ठीक असेल तर वायर. हँडीकॅमची एव्ही केबल म्हणजे एका बाजूला हेडफोनसारखी पिन आणि दुसऱ्या बाजूला पिवळी, लाल, पांढरी. ओरिजिनल हरवली म्हणून लोक सेट टॉप बॉक्सची किंवा दुकानातली कुठलीही तशी दिसणारी वायर लावतात. त्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे चार भाग, आणि कुठल्या भागावर चित्र, कुठल्यावर डावा-उजवा आवाज, कुठे ग्राउंड, हे कंपनीगणिक बदलतं. चुकीची वायर लावली की चित्र नाही आणि आवाजाच्या जागी भर्रर्र असा खरखरीत आवाज येतो, तो खरं तर चित्राचा सिग्नल असतो जो आवाजाच्या भोकात शिरलाय. घाबरू नका, डोंगलच्या पिवळ्या भोकात आळीपाळीने लाल आणि पांढरी पिन लावून बघा, कुठल्या तरी एकीवर चित्र येईल, मग उरलेल्या दोन आवाजाच्या. रंग विसरून जायचे. आमच्या शेजारच्या काकूंकडे हाय-८ वर चित्र लाल पिनेतून यायचं, त्यावर मी चिकटपट्टी लावून पेनने चित्र असं लिहून दिलं आणि तसंच सगळं घेतलं. कुठल्याच अदलाबदलीत चित्र येत नसेल तर ग्राउंडचीच जागा वेगळी आहे, तिथे दुसरी वायर आणण्याला पर्याय नाही. वायर आणायला मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर हँडीकॅम सोबत घेऊन जा आणि तिथेच लावून बघून घ्या.

मिनी-डीव्हीचं प्रकरण वेगळं आहे. फायरवायरने घेतलेली फाइल एव्हीआय असते आणि तिचे दोन प्रकार असतात, टाइप-१ आणि टाइप-२. टाइप-१ मध्ये आवाज चित्राच्याच प्रवाहात गुंफलेला असतो, वेगळा ऑडिओ ट्रॅक नसतो, त्यामुळे काही एडिटरना तो सापडतच नाही. टाइप-२ मध्ये आवाजाचा ट्रॅक वेगळा पण असतो. व्हर्च्युअलडब या एडिटरला टाइप-२ च लागतं. विनडीव्ही या कॅप्चर सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर करतानाच टाइप-२ निवडायचं, प्रश्न मिटला. आधीच टाइप-१ मध्ये घेऊन ठेवलं असेल तर परत कॅसेट चालवू नका, टाइप-१ चं टाइप-२ करून देणारी छोटी फुकट टूल्स मिळतात, त्यात दर्जा तसूभरही कमी होत नाही.

आणि कधीकधी मिनी-डीव्हीत आवाज असतो पण तुम्ही चुकीच्या जोडीतून ऐकत असता. डीव्हीमध्ये आवाज दोन पद्धतीने रेकॉर्ड होतो: १६ बिट ४८ किलोहर्ट्झचे दोन चॅनेल, नाहीतर १२ बिट ३२ किलोहर्ट्झचे चार चॅनेल, म्हणजे दोन स्टिरिओ जोड्या. दुसरी जोडी मागाहून गाणं किंवा निवेदन टाकण्यासाठी, आणि बऱ्याच घरगुती कॅमेऱ्यात कंपनीतून येतानाच १२ बिट लावलेलं असायचं. लग्नाच्या शूटिंगवाल्याने त्या दुसऱ्या जोडीत सनई टाकली असेल तर कॅप्चर सॉफ्टवेअर फक्त पहिली जोडी उचलतं आणि सनई गायब. उलट हँडीकॅमच्या मेन्यूत ऑडिओ मिक्स दुसऱ्या जोडीकडे पूर्ण झुकलेलं असेल तर हेडफोनवर काहीच ऐकू येत नाही. मिक्सचा काटा मधे आणा. दोन्ही जोड्या एकत्र हव्या असतील तर सोपा उपाय म्हणजे हँडीकॅममध्ये मिक्स लावून तेवढा आवाज एव्ही केबलने वेगळा रेकॉर्ड करायचा आणि चित्र फायरवायरचंच ठेवायचं.

कार्ड किंवा हार्ड डिस्कवाल्या हँडीकॅमच्या एमटीएस, एमओडी फाइलीत आवाज बऱ्याचदा एसी-३ म्हणजे डॉल्बी डिजिटल असतो. व्हीएलसीमध्ये येतो पण मोबाइलच्या गॅलरीत किंवा विंडोजच्या प्लेअरमध्ये येत नाही, याचं कारण हेच. विंडोज ११ च्या २४एच२ पासून तर नव्या कॉम्प्युटरवर हा आवाज उलगडणारा कोडेक सोबत येतच नाही. म्हणजे फाइल धडधाकट आहे, ऐकणारा बहिरा आहे. कन्व्हर्ट करताना आवाज एएसी निवडा, पासथ्रू निवडलंत तर तोच एसी-३ नव्या फाइलीत जाऊन बसेल आणि मोबाइलवर परत शांतता. काही हँडीकॅम ५.१ मध्ये रेकॉर्ड करायचे, तिथे माणसांचं बोलणं मुख्यतः मधल्या चॅनेलमध्ये असतं, आणि कन्व्हर्टरने मधला चॅनेल गाळून फक्त डावा-उजवा घेतला की मागचा गोंगाट ऐकू येतो आणि बोलणारा मुका. हँडब्रेक या कन्व्हर्टरमध्ये मिक्सडाउन स्टिरिओ ठेवा, म्हणजे सगळे चॅनेल नीट मिसळले जातात.

चिरका किंवा जाडा, संथ आवाज

हे नव्वद टक्के वेळा सॅम्पलिंग रेटचं भांडण असतं. ३२ किलोहर्ट्झचा आवाज कोणी ४८ समजून वाजवला तर दीडपट वेगाने वाजतो, तासाभराचा आवाज चाळीस मिनिटांत संपतो. ४८ चा ४४.१ समजला तर उलट, जरा जाडा होतो आणि तासाचे सव्वापाच मिनिटं वाढतात. आवाजाची लांबी बघितली की आकडेच चूक सांगतात. ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटरमध्ये ट्रॅकच्या नावावर क्लिक करून रेट बदलायचा, खरा जो आहे तो टाकायचा, लगेच माणसं माणसांसारखी बोलायला लागतात. इथे पिच बदलायचा इफेक्ट वापरू नका, गरजच नाही आणि त्याने आवाज पिचका होतो.

एका कॅसेटमध्येच निम्म्यापर्यंत ठीक आणि मग अचानक चिरका झाला तर समजायचं की मधे कोणीतरी मेन्यूत १६ बिटचं १२ बिट केलंय. कॅप्चर सॉफ्टवेअर सुरुवातीला जो रेट दिसला तोच शेवटपर्यंत धरून चालतं. तिथे कॅसेट थांबवायची, नवी फाइल सुरू करायची, बस.

एव्ही-टू-एचडीएमआयचा डबा आणि पुढे एचडीएमआय कॅप्चरचं स्वस्त डोंगल अशी जोडणी हल्ली फार लोक करतात, मला ती आवडत नाही. त्यातल्या काही डोंगलमध्ये ४८ किलोहर्ट्झचा स्टिरिओ आवाज विंडोजला ९६ किलोहर्ट्झ मोनो म्हणून दिसतो, आणि डबा आपल्या सेकंदाच्या २५ फ्रेमचे (चित्रांचे) साठ करतो ते वेगळंच. जुन्या पद्धतीचं सरळ पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांचं डोंगल त्यापेक्षा बरं.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत

सगळ्यात जास्त डोकं इथे जातं, म्हणून सावकाश. आधी ठरवा की फरक कुठल्या जातीचा आहे. फाइलच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी, तीन जागी टाळी किंवा तत्सम काहीतरी शोधा. व्हीएलसीत वाजवताना जे आणि के ही बटणं दाबली की आवाज ५० मिलिसेकंदांनी मागेपुढे होतो, जुळेपर्यंत दाबा आणि स्क्रीनवर येणारा आकडा कागदावर लिहा. तिन्ही जागी.

तिन्ही आकडे सारखे आले तर नशीबवान आहात. आवाज अख्खा सरकलेला आहे, तेवढा परत सरकवायचा. अॅव्हिडेमक्स या व्हिडिओ एडिटरमध्ये ऑडिओच्या खाली शिफ्टचा चौकोन असतो, आकडा टाका, व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही कॉपीवर ठेवा आणि सेव्ह करा, काहीही परत कन्व्हर्ट होत नाही, मिनिटाभराचं काम.

सुरुवातीला शून्य, मध्यावर एक सेकंद, शेवटी दोन सेकंद असं हळूहळू वाढत गेलं तर दोन घड्याळं वेगळी चालली आहेत. डोंगलमध्ये चित्राचं घड्याळ आणि आवाजाचं घड्याळ वेगळं असतं. मिनी-डीव्हीतही घरगुती कॅमेऱ्यांत आवाज चित्राला कुलूपबंद नसतो. आपल्याकडच्या २५ फ्रेमच्या पॅल या व्हिडिओ पद्धतीत ४८ किलोहर्ट्झला एका फ्रेममागे १९२० सॅम्पल यायला हवेत पण घरगुती डीव्हीत ते १८९६ ते १९४४ मधे कितीही चालतात. तासाभराच्या कॅसेटमध्ये एवढा फरक साचून दिसायला लागतो. दुरुस्ती अशी: आवाज वेगळा काढून ऑडॅसिटीमध्ये घ्या, समजा चित्र ३६०० सेकंदांचं आणि आवाज ३६०२ चा, तर चेंज स्पीडमध्ये नवी लांबी ३६०० सेकंद टाकायची. टेम्पोवाला इफेक्ट नको, स्पीडच, कारण मुळात घड्याळाचाच वेग चुकलाय, आणि अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने सूर बदललेला कोणाच्या कानाला कळत नाही. मग तो आवाज शटर एन्कोडर या कन्व्हर्टरच्या रिप्लेस ऑडिओने परत चित्राला जोडा.

मिनी-डीव्हीला मात्र याहून हुशारीचा मार्ग आहे. विनडीव्हीमध्ये डिसकंटिन्युटी थ्रेशोल्ड नावाची जागा असते, तिथे एक ठेवलंत की जिथे जिथे रेकॉर्डिंग थांबवून परत चालू केलं होतं तिथे नवी फाइल पडते. दोन-तीन मिनिटांच्या छोट्या फाइली, प्रत्येकीत घड्याळ शून्यापासून, त्यामुळे फरक साचायला जागाच मिळत नाही. शिवाय तारखेप्रमाणे नावं पडतात, बारसं कुठे आणि माथेरान कुठे ते शोधत बसावं लागत नाही.

तिसरी जात वाईट. पंधरा मिनिटं बरोबर, मग एकदम अर्धा सेकंद उडी, मग बरोबर, मग परत उडी. इथे चित्राच्या फ्रेम गळल्या आहेत आणि आवाज मात्र चालत राहिलाय. याला ताणून काही होत नाही, एका जागी जुळवलं की दुसऱ्या जागी बिघडतं. अॅनालॉग कॅसेटमध्ये दोन प्रसंगांच्या मधल्या कोऱ्या, मुंग्यामुंग्या दिसणाऱ्या जागेवर हे हमखास होतं कारण तिथे सिग्नलच धड नसतो. उपाय म्हणजे सिग्नल सरळ करणारं काहीतरी मधे लावणं. काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर नुसते मधे जोडले तरी हे काम करतात, भंगारात टाकला नसेल तर काढा. त्याहून छान म्हणजे डिजिटल-८ हँडीकॅम मिळवणं, बऱ्याच मॉडेलमध्ये जुन्या हाय-८ कॅसेटी चालतात आणि फायरवायरमधून सरळ डिजिटल बाहेर पडतात, चित्र आणि आवाज एकाच यंत्रातून येत असल्याने जुळवणीची कटकट जवळपास संपते. सगळ्या मॉडेलमध्ये ही सोय नाही, घेण्याआधी कॅसेट लावून बघा.

कॉम्प्युटरकडूनही फ्रेम गळतात. डोंगल यूएसबी हबला लावू नका, थेट लॅपटॉपला. अँटिव्हायरसचं स्कॅन, क्लाउडचं सिंक, विंडोज अपडेट हे तेवढा तास बंद. डीव्हीला सेकंदाला साडेतीन-चार एमबी म्हणजे तासाला साधारण १३ जीबी जागा लागते, तेवढं लिहिणं आजच्या कुठल्याही डिस्कला जड नाही, पण जागा संपत आली असेल तर मोकळी करा. आणि एक-दोन फ्रेम गळल्या म्हणून जीव जाळू नका, पण कॅप्चरच्या खिडकीतला ड्रॉप्डचा आकडा पळायला लागला तर तिथेच थांबा, शेवटपर्यंत आशेने बसण्यात अर्थ नाही.

कच्ची फाइल जुळलेली आणि कन्व्हर्ट झाल्यावर बिघडलेली असेल तर हँडब्रेकमध्ये फ्रेमरेट सेम अॅज सोर्स आणि कॉन्स्टंट करा, व्हेरिएबल नको. अमेरिकेहून मामाने आणलेला हँडीकॅम असेल तर तो तिकडच्या एनटीएससी पद्धतीचा, २९.९७ फ्रेमचा, त्याला कोणी २५ लावून ठेवले तर चित्र आणि आवाजाची फारकत ठरलेली. आणि त्याच्या कॅसेटी आपल्या पॅल हँडीकॅममध्ये बऱ्याचदा दिसतच नाहीत, तोच कॅमेरा चालू करावा लागतो.

घूंऽऽ असा आवाज

सगळं ठीक पण मागे सतत गुणगुण. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. थांबली? मग ते ग्राउंड लूप. जुन्या बिल्डिंगींमध्ये तीन पिनांचं बोर्ड असतं पण अर्थिंग नावालाच, लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, तीच वीज तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये गुणगुणते. हँडीकॅम आणि लॅपटॉप एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, टीव्ही मधे जोडला असेल तर त्याची केबलवाल्याची वायर काढा, इन्व्हर्टरवर असताना कॅप्चर टाळा.

कॅसेटवरच गुणगुण रेकॉर्ड झाली असेल तर ऑडॅसिटीचा नॉच फिल्टर. त्यात सुरुवातीला ६० हर्ट्झ दिसतं, आपल्याकडे वीज ५० ची आहे, ते बदला, मग १०० आणि १५० ला परत एकदा, क्यू जरा वाढवून म्हणजे फक्त तेवढीच फट कापली जाईल. अमेरिकेतल्या कॅसेटवर मात्र ६० च ठेवा. हँडीकॅमच्या मोटरचा किर्रर्र आवाज नॉइज रिडक्शनने छान जातो कारण तो एकसारखा असतो: कोणी बोलत नाहीये असा एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडा, नॉइज प्रोफाइल घ्या, मग अख्खा ट्रॅक निवडून ६ ते १२ डेसिबलने कमी करा. मोह आवरा. २४ ला नेलंत की आजी पाण्याखालून बोलतेय असं वाटायला लागतं, थोडी खरखर परवडली.

एकाच कानात आवाज

हँडीकॅम मोनो असेल तर एव्ही केबलला आवाजाची एकच पिन, ती डोंगलच्या पांढऱ्या भोकात, उजवा कान रिकामा. ऑडॅसिटीत स्प्लिट स्टिरिओ टू मोनो करा, रिकामा ट्रॅक उडवा, उरलेला मोनो म्हणूनच सेव्ह करा. दोन्ही कानात येईल.

फाटलेला आवाज आणि ढोल

गुढीपाडव्याची शोभायात्रा किंवा तलावपाळीवरचं विसर्जन ज्यांनी शूट केलंय त्यांना माहीतच असेल. हँडीकॅममध्ये आवाज आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा असते, ढोलाचा टोल पडला की ती सगळंच दाबते आणि दोन टोलांच्या मधे हळूहळू वर आणते, म्हणून बाजूला उभ्या असलेल्या माणसाचं बोलणं लाटेसारखं वरखाली होतं. हे कॅसेटवरच तसं आहे, पूर्ण जात नाही. कंप्रेसर लावून थोडं सपाट करता येतं, पण ढोलाचा जोर जातो, मी तर असं फुटेज तसंच ठेवतो.

पण हेडफोनवर स्वच्छ असलेला आवाज कॅप्चरमध्ये फाटत असेल तर तो आपल्याकडून फाटतोय. रेकॉर्डिंग लेव्हल १०० वर असेल तर खाली आणा, माइक बूस्ट असेल तर शून्य. सगळ्यात मोठ्या आवाजाच्या जागी मीटर लाल होता कामा नये. फाटलेली लाट नंतर शिवता येत नाही, हळू आवाज नंतर नॉर्मलाइझने उणे १ डेसिबलपर्यंत वाढवता येतो, त्यामुळे हळू बाजूला चूक झाली तर चालेल. वाऱ्याची भुरभुर असेल तर हाय-पास फिल्टर ८० ते १०० हर्ट्झला.

मधेच आवाज तुटतो, चित्रात चौकोन येतात

हेड (हँडीकॅममधला टेप वाचणारा भाग) घाण झालंय किंवा कॅसेट खराब आहे. दुसरी चांगली कॅसेट टाकून बघा, तिच्यातही तेच तर हेड. कोरडी क्लीनिंग कॅसेट टाकून दहा सेकंद, जास्त नाही, ती हेड घासते. एलपी मोडमध्ये, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटं भरलेली असतील तर त्या शक्यतो ज्या हँडीकॅमवर शूट केल्या त्याच्यावरच चालवा, दुसऱ्यावर हेडची रेघ जुळत नाही आणि आवाज तुटतो.

आपल्या हवेचाही प्रश्न आहे. ठाण्यात काय नि खाडीच्या काठावर ऐरोली-वाशीला काय, चार महिने कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात, कॅसेटीचं काय होत असेल. कॅसेटच्या काचेतून टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, ती कॅसेट हँडीकॅममध्ये घालूच नका, हेडला लागून पुढच्या चांगल्या कॅसेटींना लागते. बाकीच्या कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. आणि कॅमेरा एसीच्या खोलीतून एकदम बाहेरच्या दमट हवेत काढला की दव पकडल्याची खूण येते, तास-दोन तास कॅसेटचं झाकण उघडून तसाच ठेवा, जबरदस्ती करू नका, ओल्या ड्रमला टेप चिकटते. जमलं तर हे सगळं काम दिवाळीनंतरच काढा.

एमटीएसवाल्यांचं तुटणं वेगळं. लांब शूटिंग कॅमेरा आपोआप २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत कापतो आणि प्रत्येक तुकडा वेगळा कन्व्हर्ट केला की सांध्यावर आवाज टक करून जातो. आधी हँडीकॅमसोबतच्या सॉफ्टवेअरने किंवा टीएसमक्सर नावाच्या टूलमधल्या जॉइनने तुकडे सांधा, मग कन्व्हर्ट करा. म्हणूनच कार्डवरून सुट्या फाइली न उचलता अख्खं फोल्डर कॉपी करायचं.

शेवटचं कन्व्हर्ट

क्रम असा ठेवा: कॅप्चर, मग कच्च्या फाइलवर आवाजाची दुरुस्ती, मग एकदाच कन्व्हर्ट. एमपी-४ करून मग आवाज सुधारून परत एमपी-४ असं दोनदा दळू नका. आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ, १९२ केबीपीएस, स्टिरिओ. मधल्या पायरीवर आवाज डब्ल्यूएव्ही मध्येच ठेवा. कच्ची फाइल दुसऱ्या हार्ड डिस्कवर जपा, कॅसेट परत चालेल याची खात्री नाही.

हे सगळं करायला वेळ नसेल आणि दुकानात द्यायचं असेल तर देताना दोन गोष्टी विचारा. मिनी-डीव्हीला फायरवायरने घेणार का डोंगलने, आणि कच्ची डीव्ही एव्हीआय माझ्या हार्ड डिस्कवर देणार का. नुसती डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्हवर छोटी एमपी-४ देतो म्हणाले तर दुसरं दुकान बघा, कारण त्या फाइलीत आवाज सरकलेला निघाला तर दुरुस्तीला हातात काही उरत नाही. माल परत घेताना तिथेच प्रत्येक फाइलचं शेवटचं मिनिट इअरफोन लावून बघा, सुरुवात सगळ्यांचीच बरोबर असते.